अध्यापकाची योग्या : वर्गातील तंत्रसाधने आणि वैद्यशिक्षकाची वाढ

आयुर्वेद महाविद्यालयांतून खडू-फळ्याच्या जोडीला संगणक, प्रोजेक्टर व चित्रफिती येऊन आता बराच काळ लोटला आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा तर कित्येक महिने संपूर्ण अध्यापनच पडद्यावरून करावे लागले. साधने आली, ती रुळलीही. परंतु साधनांबरोबर ती हाताळणारा अध्यापक वाढला काय, आणि ही वाढ नेमकी कशी होते, याचा विचार आपल्या व्यासपीठांवर क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात आम्ही तोच करू इच्छितो.

हा प्रश्न केवळ महाविद्यालयांचा आहे, असे व्यवसायी वैद्यांस व औषधनिर्मात्यांस वाटण्याचा संभव आहे. तथापि आज जो विद्यार्थी वर्गात बसला आहे, तोच उद्या आपल्या चिकित्सालयात साहाय्यक म्हणून आणि आपल्या निर्माणशाळेत तज्ज्ञ म्हणून उभा राहणार आहे. सालीचे पोते उघडल्यावर अशोक कोणता आणि आसुपालव कोणता, हे त्याला ओळखता आले नाही, तर त्याची किंमत रुग्णाला व औषधनिर्मात्याला मोजावी लागते. म्हणून अध्यापकाची वाढ हा आपणा सर्वांच्या हिताचा विषय आहे.

सुश्रुतांचा दृष्टान्त

अध्यापनात साधन वापरणे आपल्या शास्त्राला नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय, योग्यासूत्रीय, हा याच विषयाला वाहिलेला आहे. छेद्यकर्माचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांसारख्या फळांवर करावा. भेद्यासाठी पाण्याने वा चिखलाने भरलेली पखाल व बस्ती घ्यावी. लेखनासाठी केसाळ चर्म, वेधनासाठी मृत पशूंच्या सिरा व कमळाचे देठ, सीवनासाठी वस्त्र व मृदू चर्म, तर बंधनासाठी माणसाची प्रतिकृती वापरावी, असा तेथील उपदेश आहे. बहुश्रुत असूनही ज्याने योग्या केलेली नाही तो कर्मास अयोग्य, असे आचार्यांचे स्पष्ट मत आहे.

या यादीत एक तत्त्व दडलेले आहे. प्रत्येक साधन त्या त्या कर्माच्या स्वरूपावरून निवडलेले आहे. पखाल छेद्याला चालणार नाही आणि कोहळा वेधनाला चालणार नाही. हाताला जो अनुभव द्यायचा तो आधी निश्चित केला, आणि मग त्याला अनुरूप द्रव्य शोधले. आजच्या वर्गातील साधनांना हाच निकष लावावयास हवा. शिकवायचे काय हे आधी ठरावे आणि साधन त्यामागून यावे.

तीन ज्ञानांचा संगम

आधुनिक शिक्षणशास्त्र याच निष्कर्षाकडे वेगळ्या वाटेने आले आहे. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये असे मांडले की, विषयाचे ज्ञान आणि अध्यापनपद्धतीचे ज्ञान ही दोन स्वतंत्र असली तरी पुरेशी नाहीत. हा विशिष्ट विषय कसा शिकवावा, याचे एक तिसरे ज्ञान अध्यापकाजवळ असावे लागते. पुन्या मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाच्या ज्ञानाची भर घातली. विषय, पद्धती आणि तंत्र या तिहींचा जेथे संगम होतो, तेथे अध्यापक परिपक्व होतो, हा त्यांच्या विवेचनाचा आशय.

स्नेहकल्पनेचे उदाहरण घेऊ. तैलपाक सिद्ध होताना फेस येतो, तर घृतपाक सिद्ध होताना फेस शमतो, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत असते. ज्याला विषय येतो तो ही ओळ सांगेल. ज्याला पद्धतीही येते तो दोन पात्रांची तुलना फळ्यावर काढून दाखवील. ज्याला तंत्रही साधले आहे तो दोन्ही पाकांच्या चित्रफिती शेजारी शेजारी लावील, फेस बदलू लागण्याच्या क्षणी चित्र थांबवील आणि ‘आता पाक कोणत्या अवस्थेत आहे?’ असे विचारील. प्रश्न विचारण्यासाठी चित्र कोठे थांबवायचे, हे ज्ञान संगणकाच्या माहितीपुस्तिकेत मिळत नाही. ते पाक केलेल्या आणि शिकवलेल्या वैद्याजवळच असते.

वाढीच्या पायऱ्या

युनेस्कोने अध्यापकांच्या तंत्रज्ञानविषयक क्षमतांची एक चौकट २००८ मध्ये प्रसिद्ध केली व २०११ आणि २०१८ मध्ये ती सुधारली. ज्ञानाचे ग्रहण, ज्ञानाचे गहनीकरण आणि ज्ञानाची निर्मिती असे तिचे तीन स्तर आहेत. आपल्या क्षेत्रात ते असे दिसतात.

पहिल्या स्तरावर अध्यापक जुनेच काम नव्या साधनाने करतो. फळ्यावरचे टिपण पडद्यावर येते. यात सोय आहे. परंतु अध्यापक पडद्याकडे तोंड करून वाचू लागला की विद्यार्थी केवळ लेखनिक होतो. येथेच थांबणे हा सर्वांत मोठा धोका आहे.

दुसऱ्या स्तरावर साधनामुळे पूर्वी अशक्य असलेले काही शक्य होते. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडल्यास एकाच चूर्णाचे क्षेत्र साठ विद्यार्थ्यांना एकाच वेळी दिसते आणि अध्यापक नेमक्या घटकावर बोट ठेवू शकतो. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हैदराबाद येथील संस्थेने संहिता व निघंटू संगणकावर उपलब्ध केले आहेत. त्यांत एका द्रव्याचा शोध घेऊन त्याचे सर्व संदर्भ वर्गासमोर मांडले, तर विद्यार्थी स्वतः तुलना करू लागतो.

तिसऱ्या स्तरावर अध्यापक स्वतः साधन निर्माण करतो. याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर संकेत जोडून त्यांतून मुलांना ध्वनिफिती व चित्रफिती उपलब्ध करून दिल्या. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचे ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य शिक्षकांस वाटून दिली. त्यांचे साधन महाग नव्हते. आपल्या विद्यार्थ्याची अडचण कोठे आहे, हे त्यांनी अचूक हेरले, यातच त्यांचे यश आहे. खेड्यातील प्राथमिक शाळेत जे साधले, ते आपल्या औषधी वनस्पतींच्या उद्यानात व द्रव्यसंग्रहालयात साधण्यास प्रत्यवाय नसावा.

साधनांची मर्यादा

२०२०च्या कायद्याने राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग स्थापन झाला आणि त्याने आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने काय साधावे याच्या चार पायऱ्या दिल्या आहेत : जाणतो, कसे ते जाणतो, करून दाखवतो आणि प्रत्यक्ष करतो. पडदा पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत उत्तम नेतो. तिसरी व चौथी पायरी हातानेच चढावी लागते. स्नेहपाकाचा फेस चित्रफितीत दिसतो. परंतु कल्काची बोटांमध्ये होणारी वर्ती तेथे जाणवत नाही. हिंगाचा गंध, कुटकीचा तिक्त रस, नाडीची गती यांना पडदा नाही. म्हणून चित्रफितीनंतर खल, कढई आणि रुग्णशय्या यांकडे विद्यार्थ्याला नेणे, हे तंत्रकुशल अध्यापकाचे लक्षण आम्ही मानतो. चित्रफीत दाखवून प्रात्यक्षिक उरकले असे मानणे ही विद्यार्थ्याची वंचना होय.

दुसरी मर्यादा रुग्णाच्या सन्मानाची आहे. व्रणाचे वा त्वग्रोगाचे छायाचित्र अध्यापनास उपयुक्त असते. परंतु रुग्णाची संमती घेतल्यावाचून ते घेऊ नये आणि ओळख पटेल असा भाग झाकल्यावाचून ते वर्गात दाखवू नये.

आपले कर्तव्य

चरकाचार्यांनी विमानस्थानात ज्ञानवृद्धीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. अध्यापकाच्या वाढीला हे तिन्ही लागू पडतात. एखाद्या दिवसाच्या कार्यशाळेने साधनाची ओळख होते. पण वाढ होते ती वर्गात वापरून पाहिल्याने आणि समव्यावसायिकांशी त्याची चर्चा केल्याने. एकाने पाठ द्यावा, दोघांनी मागे बसून पाहावा आणि विद्यार्थ्याला कोठे अडले यावर नंतर बोलावे. अशी संभाषा महिन्यातून एकदा झाली, तरी वर्षभरात फरक दिसेल.

व्यवसायी वैद्य व निर्माणशाळांचे स्वामी यांनाही यात मोठा वाटा उचलता येईल. आसव-अरिष्टांचे संधान काही आठवडे चालते. विद्यार्थ्याला त्यातील एखादाच दिवस पाहावयास मिळतो. निर्माणशाळेने शास्त्रोक्त कल्पाच्या एका घाण्याची रोज एक याप्रमाणे छायाचित्रे घेऊन महाविद्यालयास दिली, तर संधानाचा संपूर्ण क्रम वर्गात उलगडता येईल. स्वतःच्या गुप्त पाठांना धक्का न लावता हे करता येते. बाजारात आलेल्या संशयित द्रव्यांचे नमुने, उदाहरणार्थ मिऱ्यात मिसळलेल्या पपईच्या बिया किंवा नागकेशराच्या नावाने आलेल्या अन्य कळ्या, खऱ्या नमुन्यांसह महाविद्यालयात पोहोचवणे हेही तितकेच मोलाचे आहे. कॅमेरा जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली हे नमुने पाहिलेला विद्यार्थी आपल्याच गोदामात उद्या आपले नुकसान टाळील.

साधने दर काही वर्षांनी बदलतील. आजचा पडदा उद्या अडगळीत जाईल. परंतु कर्म पाहून साधन निवडण्याची सुश्रुतांची दृष्टी ज्या अध्यापकाने अंगी बाणवली, त्याला कोणतेही नवे साधन परके वाटणार नाही. आपल्या संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने येत्या वर्षी जवळच्या महाविद्यालयाशी संपर्क साधून अशी एक तरी संभाषा घडवून आणावी, अशी आमची सर्व सभासदांस नम्र विनंती आहे.