जुने वीर आणि नवे वाचक

ज्या घरांत बाप आणि मुलगा दोघेहि वाचणारे असतात, त्या घरांत एक वाद हटकून ऐकूं येतो. बाप म्हणतो, "आमच्या वेळचा वेताळ तो खरा, हल्लींचीं हीं सोंगें आम्हांस ओळखूंहि येत नाहींत." मुलगा म्हणतो, "बाबा, तुमचीं पुस्तकें फार संथ. पहिल्या पांच पानांत कांहींच घडत नाहीं." वाद वरवर पाहतां करमणुकीचा आहे, परंतु त्याच्या मुळाशीं एक महत्त्वाचा प्रश्न आहे. एका पिढीनें जपलेला वीर दुसऱ्या पिढीच्या हातीं देतांना त्याच्यांत कोणता फरक करावा, आणि कोणता करूं नये? ह्या प्रश्नाचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चित्रकथांच्या, म्हणजे ज्यांस सर्वजण कॉमिक म्हणतात त्या पुस्तकांच्या, व्यवसायांत दोन युक्त्या फार रूढ आहेत. पहिली युक्ति भेटीची. निरनिराळ्या मालिकांतील दोन वीर एकाच कथेंत येतात. आरंभीं बहुधा गैरसमज होऊन त्यांचे दोन हात होतात, आणि पुढें दोघांचा शत्रु एकच आहे असें कळल्यावर ते खांद्याला खांदा लावून लढतात. दुसरी युक्ति नव्या आरंभाची. जुन्या वीराची कथा, जणूं काय ती पूर्वीं कोणीं सांगितलीच नव्हती अशा रीतीनें, पुन्हां पहिल्यापासून सांगावयाची. संगणक बंद करून पुन्हां सुरू करण्यास जो 'रीबूट' हा शब्द आहे, तोच ह्या युक्तीसहि लावतात.

ह्या युक्त्या परदेशांतून आल्या असा कित्येकांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. महाभारताच्या वनपर्वांत, द्रौपदीसाठीं सौगंधिक कमळें आणावयास निघालेल्या भीमाच्या वाटेंत एक म्हातारें वानर शेपूट पसरून पडलेलें असतें. बलाढ्य भीमास तें शेपूट हलवितां येत नाहीं. त्याचा गर्व उतरतो, आणि तें वानर म्हणजे आपला वडील बंधु हनुमान आहे असें त्यास कळतें. रामायणांतील वीर महाभारतांतील वीरास भेटला, ही भेटीची कथाच नव्हे काय? नव्या आरंभाचेंहि तसेंच आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं श्रीधर कवीनें 'रामविजय' व 'पांडवप्रताप' हे ग्रंथ सोप्या ओवींत रचिले, आणि संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्यांच्या घरीं राम व पांडव नेऊन पोंचविले. मोरोपंतांनीं तर 108 रामायणें रचिलीं अशी प्रसिद्धि आहे. त्यांपैकीं 'निरोष्ठ रामायणां'त ओठ मिटून उच्चारावें लागणारें एकहि अक्षर नाहीं. राम तोच, सांगण्याची तऱ्हा मात्र निराळी. रामटेकच्या शेजारीं राहणाऱ्या आम्हां नागपूरकरांस हें अधिक उलगडून सांगावयास नको.

आतां अमेरिकेंतील एक उदाहरण पाहूं. वाऱ्याच्या वेगानें धांवणारा 'फ्लॅश' हा वीर तेथें 1940 सालीं प्रथम अवतरला. त्याचें खरें नांव जे गॅरिक. दुसरें महायुद्ध संपल्यावर अशा वीरांची आवड ओसरली व त्याचें मासिक बंद पडलें. 1956 सालीं प्रकाशकांनीं त्याच नांवाचा नवा वीर आणिला; नांव बॅरी ॲलन, पोशाख निराळा, नोकरी पोलिसांच्या प्रयोगशाळेंत. लहानपणीं वाचलेल्या चित्रकथेवरून आपण हें नांव घेतलें, असें हा नवा फ्लॅश सांगतो. पुढें 1961 सालीं गार्डनर फॉक्स ह्या लेखकानें दोघांची भेट घडवून आणिली. जुना फ्लॅश एका दुसऱ्याच पृथ्वीवर जिवंत असून आतां तो वयानें पोक्त झाला आहे, असें त्या कथेंत दाखविलें आहे. विशेष हें कीं, 1940 सालच्या पहिल्या कथेचा लेखकहि फॉक्सच होता. नव्यास मान देतांना त्यानें जुन्यास पुसून टाकिलें नाहीं. दोघांसहि जागा करून दिली.

परंतु ह्या सोयींतून अडचणहि उत्पन्न झाली. एकीमागून एक अशा कित्येक पृथ्वी निर्माण झाल्या, आणि कोणता वीर कोठला हें ध्यानांत ठेवतां ठेवतां नवा वाचक दमून जाऊं लागला. शेवटीं 1985-86 सालीं डी. सी. कंपनीनें बारा अंकांची एक मोठी कथा छापून ह्या साऱ्या पृथ्वी एकांत एक मिळविल्या. आणि 2011 सालीं तर आपल्या 52 मालिका पहिल्या अंकापासून नव्यानें मांडल्या. ह्यांत धंद्याचा भाग आहे हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. दोन वीर एकत्र आणिले म्हणजे दोघांचेहि वाचक तो अंक विकत घेतात. मुखपृष्ठावर पहिल्या अंकाचा आंकडा दिसला म्हणजे संग्रह करणारे धांवतात. सबब, प्रत्येक नवा आरंभ वाचकाच्या हिताकरितांच असतो असें मानण्याचें कारण नाहीं.

आमच्या पालकवर्गाच्या परिचयाचा वेताळ, म्हणजे ली फॉक ह्यांचा 'फँटम', 1936 सालीं वृत्तपत्रांतून प्रथम प्रसिद्ध झाला. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियानें 1964 सालीं सुरू केलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून तो आपल्या देशांतील मुलांच्या हातीं पडला, व पुढें मराठींतहि बोलूं लागला. 1990 सालीं ही मालिका थांबली. मूळ कथेंतील देशाचें नांव बंगालशीं मिळतें होतें. आपल्याकडील वाचकांचा घोंटाळा होऊं नये म्हणून येथें तें 'डेंकाली' असें झालें. ह्या बदलानें कथेचें कांहींएक बिघडलें नाहीं. शिवाय ह्या वीराच्या कल्पनेंतच नव्या आरंभाची सोय आहे. बाप मेला कीं मुलगा तोच मुखवटा चढवितो, आणि रानांतील लोकांस वाटतें कीं हा एकच पुरुष शेंकडों वर्षें जगत आहे. वृत्तपत्रांतील वेताळ 21 वा होता. 1986 साली वेताळ, जादूगार मँड्रेक व फ्लॅश गॉर्डन ह्यांस एकत्र आणणारी जी चलच्चित्रांची मालिका निघाली, तींतील वेताळ 27 वा आहे. माणूस बदलतो, शपथ बदलत नाहीं.

आमचें नागपूर 1956 पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी होतें, व येथील मुलांच्या कानांवर मराठी आणि हिंदी ह्या दोन्ही भाषा पडत असतात. त्यामुळें 'राज कॉमिक्स'चे हिंदी वीर येथें परके वाटत नाहींत. त्यांतील नागराज हा 1986 चा, तर सुपर कमांडो ध्रुव हा 1987 चा. नागराजाच्या अंगीं सर्पांचें बळ आहे. ध्रुव मुख्यतः बुद्धि आणि विज्ञान ह्यांवर विसंबतो. ह्या दोघांच्या भेटीच्या कथा वाचकांस आवडल्या, कारण एकाजवळ जें नाहीं तें दुसऱ्याजवळ आहे. भेटीच्या कथेचें सारें मर्म ह्यांत आलें. दोघांपैकीं एकास वगळूनहि काम भागत असेल, तर ती भेट केवळ मुखपृष्ठासाठीं आहे असें समजावें.

आतां मराठींतील आमच्या अगदीं जवळच्या वीराकडे वळूं. भा. रा. भागवत (1910-2001) ह्यांनीं निर्माण केलेला बनेश फेणे, ऊर्फ 'फास्टर फेणे', हा फुरसुंगीचा मुलगा. शिकावयास पुण्याच्या विद्याभवन शाळेंत. अंगानें किडकिडीत, बुडाखालीं सायकल, आणि मनांत कांहीं चमकलें कीं तोंडानें 'ट्टॉक'! त्याच्याजवळ अतिमानवी शक्ति कोणतीहि नाहीं. सावध डोळे, चपळ पाय आणि स्वस्थ न बसणारें मन एवढेंच त्याचें भांडवल. 1987 सालीं दूरदर्शनवर सुमीत राघवन ह्यांनीं त्याची भूमिका केली. 2017 सालीं आदित्य सरपोतदार ह्यांनीं दिग्दर्शित केलेल्या चित्रपटांत अमेय वाघ फेणे झाले.

ह्या चित्रपटांत बराच फरक केलेला आहे. शाळकरी बनेश येथें तरुण झाला असून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं पुण्यास आला आहे. एका विद्यार्थ्याच्या मृत्यूचा शोध घेतां घेतां तो परीक्षेंतील मोठ्या लबाडीपर्यंत जाऊन पोंचतो. ज्या काळांत प्रवेशपरीक्षेच्या काळजीनें घरेंच्या घरें पोखरलीं जातात, त्या काळास साजेसाच हा शत्रु आहे; ही निवड आम्हांस योग्य वाटते. अन्याय दिसतांच त्यांत उडी घेण्याचा बनेशचा स्वभावहि कायम आहे. मात्र एक गोष्ट हरपली. पुस्तकांतील फेणे वाचकाच्याच वयाचा होता, म्हणून दहा वर्षांच्या मुलास "हें मलाहि करतां येईल" असें वाटे. तरुण फेण्याकडे पाहून तें तितक्या सहज वाटत नाहीं. ह्याची भरपाई म्हणा, पण चित्रपटांत खुद्द भा. रा. भागवत हे एक पात्र आहेत व तें दिलीप प्रभावळकर ह्यांनीं रंगविलें आहे. नवा वीर आपल्या निर्मात्यासच भेटतो. जुन्याचें ऋण मान्य करण्याची ही रीत आम्हांस फॉक्सच्या कथेइतकीच सुंदर वाटते.

ह्या सर्वांवरून नव्या आरंभाची परीक्षा करावयास तीन प्रश्न पुरेसे आहेत. वेष, वाहन व शत्रु बदलले तरी वीराचें शील तेंच राहिलें आहे काय? कालपर्यंत एकहि अंक न वाचलेल्या मुलास ही कथा दुसऱ्याच्या मदतीवांचून कळते काय? आणि नवी कथा संपल्यावर जुनी वाचावीशी वाटते काय? तिसऱ्या प्रश्नास आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतों. श्रीधराच्या ओव्यांनीं वाल्मीकि व व्यास ह्यांचीं नांवें बुडविलीं नाहींत. उलट तीं घरोघर केलीं.

मराठी घरांतील पुष्कळ मुलें आतां इंग्रजींतून शिकतात, व त्यांच्या हातीं मराठी पुस्तक आपोआप पडत नाहीं. अशा वेळीं चित्रपटानें किंवा चित्रकथेनें दार किलकिलें केलें तर तें बंद करूं नये. पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलाचा नवा वीर हंसण्यावारी न नेतां त्याची कथा एकदां त्याच्याबरोबर बसून पुरी वाचावी. विद्यार्थ्यांस सांगणें हें कीं, त्यानंतर वडिलांच्या कपाटांतील जुनें पुस्तक मागून घ्यावें, आणि पहिल्या पांच पानांनीं कंटाळा आला तरी सहावें पान उलटावें.