केळीच्या चिकाचे डाग

खानदेशांत ज्या घरीं केळीचा मळा आहे, त्या घरीं स्वच्छ पांढरा सदरा क्वचितच सांपडावयाचा. रावेर, यावल, चोपडा हे तालुके काय, किंवा धुळें जिल्ह्यांतील शिरपूर काय, घड उतरविण्याच्या दिवसांत मजुरांच्या खांद्यांवर व बाह्यांवर तपकिरी-काळे डाग हे ठरलेलेच. जळगांवच्या केळ्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळून त्याचें नांव दूरवर गेलें. परंतु त्याच्या चिकाची कीर्ति घरीं धुणें धुणाऱ्या माउलीसच पुरेपूर ठाऊक! ज्या विद्यार्थ्याजवळ शाळेचा सदरा एकच आहे, त्यास हा विषय क्षुल्लक वाटणार नाहीं. सुटीच्या दिवशीं वडिलांस मळ्यांत हात द्यावा, आणि दुसरे दिवशीं वर्गांत गबाळेपणाबद्दल बोलणीं खावीं, हा कांहीं न्याय नव्हे. तेव्हां हा डाग पडतो कसा, हें प्रथम पाहूं.

घडाच्या दांड्यास विळा लागतांच जो चीक गळतो, तो प्रायः पाण्यासारखा दिसतो. कापडावर पडला तरी आरंभीं त्याची खूण उमटत नाहीं, आणि येथेंच मनुष्य फसतो. ह्या चिकांत टॅनिन व त्याच्या जातीचीं इतर द्रव्यें असतात. त्यांच्याच जोडीस एक विकर, म्हणजे रासायनिक क्रियेस वेग देणारा पदार्थ, असतो. झाडाच्या पेशी शाबूत असेपर्यंत हीं दोन्ही निरनिराळ्या कप्प्यांत राहतात. पेशी फुटून चीक बाहेर आला, कीं त्यांची गांठ पडते व हवेंतील प्राणवायूही मिळतो. मग त्या द्रव्यांचे मोठमोठे काळसर रेणू बनतात आणि सुताच्या तंतूंत घट्ट बसतात. चिरून ठेवलेलें वांगें काळें पडतें तें ह्याच कारणानें. म्हणून सुगरण स्त्रिया फोडी लागलीच पाण्यांत टाकतात. चिकांत लोखंडाचा अंश मिसळला तर डाग अधिकच काळा होतो. हिरडा व हिराकस यांची शाई आपले पूर्वज करीत, तीच ही क्रिया.

ह्यावरून उपायाची दिशा आपोआप सुचते. डाग दिसूं लागण्यापूर्वींच कापड भरपूर थंड पाण्यांत खळबळावें व त्या जागीं लिंबाचा रस चोळावा. आंबट रसांत त्या विकराचें काम मंदावतें. शिवाय लिंबांतील ‘क’ जीवनसत्त्व काळ्या होऊं पाहणाऱ्या द्रव्यांस मागें परतवितें. मळ्यांत पाणी असतेंच. शिदोरींत एक लिंबू अधिक बांधावें, इतकेंच. परंतु पुष्कळ घरीं नेमकें ह्याच्या उलट घडतें. सदरा सायंकाळपर्यंत तसाच अंगावर राहतो, आणि मग धुण्याचा सोडा घालून कढत पाण्यांत बुचकळला जातो. सोड्यासारख्या क्षाराच्या संगतींत हीं द्रव्यें प्राणवायूशीं अधिकच त्वरेनें संयोग पावतात. म्हणजे डाग काढावयास जावें, तों तो पक्का व्हावा! साबण लावावयाचा तो चीक पाण्यानें निघून गेल्यावर. गंजक्या बादलींत तर हें कापड घालूंच नये.

जुना डाग लिंबास दाद देत नाहीं. तेथें विरंजन हाच मार्ग. पांढऱ्या सुती कापडास औषधाच्या दुकानांत मिळणारें शेंकडा ३ प्रमाणाचें हायड्रोजन पेरॉक्साइड लावून पाहावें. त्यानें न भागल्यास ब्लीचिंग पावडरीचें अगदीं सौम्य, निवळलेलें पाणी थोडा वेळ लावून कापड पुष्कळ पाण्यानें धुवावें. रेशीम व लोंकर यांस हें पाणी कदापि लावूं नये; त्यानें तंतूच नासतात. आणखी एक गोष्ट तर जिवाशींच गांठ घालणारी आहे: लिंबाचा रस व ब्लीचिंग पावडर हीं एकत्र करूं नयेत. त्यांतून क्लोरीन वायु निघतो. १९१५ सालीं बेल्जममधील ईप्र येथें सैनिकांवर सोडलेला विषारी वायु तो हाच. इतकें करूनही वर्षभराचा डाग बहुधा फिकाच होतो, समूळ जात नाहीं. त्या सदऱ्याची नेमणूक कायमची मळ्यावर करावी हें उत्तम.

जांभूळ व तांबडा द्राक्षारस यांचे डाग ह्याच कुळांतले. परंतु त्यांत आणखी एक रंगद्रव्य असतें, तें आम्लांत तांबडें व क्षारांत निळसर दिसतें. प्रभुभोजनाच्या मेजावरील शुभ्र वस्त्रावर द्राक्षारसाचा थेंब सांडला आणि साबण लावतांच निळा पडला, म्हणजे कित्येक घाबरतात. त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. तो थेंब प्रथम टिपून घ्यावा, नंतर थंड पाणी, मग लिंबू, हाच क्रम तेथेंही.

उलटपक्षीं, डाग मुळींच जाऊं नये अशी ज्याची इच्छा, तो आपला परीट. कपड्यांवर बिब्ब्याच्या रसानें खूण करून वर चुना लावण्याची त्याची जुनी रीत होती. बिब्ब्यांतील द्रव्यही हवेनें काळें पडणारेंच, आणि चुन्याच्या क्षारानें तें काम झटपट पुरें होई. तो रस अंगास लागला तर फोड येतात, म्हणून परीट तो जपून वापरी. पण एकदां उमटलेली खूण कापड फाटेपर्यंत टिके.