मस्कतहून निझव्याला

मस्कत बंदराच्या दोन्ही बाजूंस पोर्तुगीजांचे जलाली व मिरानी हे दुर्ग उभे आहेत. १५०७ साली मस्कत जिंकणाऱ्या आल्बुकर्कनेच १५१० मध्ये गोवा घेतला. इमाम सुलतान बिन सैफने १६५० मध्ये मस्कत सोडविले. आमची सुटका १९६१ पर्यंत लांबली!

या इमामाची कीर्ती पाहावी ती डोंगरांपलीकडे, निझव्यात. तेथील त्याचा वर्तुळाकार बुरूज तोफांचा हादरा सोसावा म्हणून खालून मातीदगडांनी भरीव केला आहे. दारांवरील छिद्रांतून शत्रूवर खजुराचा उकळता रस ओतीत. बालवाचकहो, हसू नका; अंगाला चिकटणारा तो रस पाण्याहून भयंकर!

हा खजूर पिके ‘फलज’ नावाच्या पाटांवर. भूगर्भातील पाणी केवळ उताराने आणणारे हे पाट आजही वाहतात. पाण्याची पाळी पूर्वी दिवसा सावलीवरून व रात्री ताऱ्यांवरून ठरे.