शिकार, सुरी आणि सांधे

मागच्या व्याख्यानात आपण प्लेटोच्या ‘फीड्रस’पाशी थांबलो होतो. विषयाची विभागणी त्याच्या नैसर्गिक सांध्यांवर करावी, वाईट खाटकासारखी मोडतोड करू नये, असं सॉक्रेटिस तिथे सांगतो. हे आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. सांध्यावर कापणं म्हणजे काय, हे मात्र कधी नीट पाहिलं नव्हतं. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांचं असं होतं! तर आज तेच पाहू, आणि शिकारीपासून पाहू.

उदाहरण स्कॉटलंडचं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार हा गुन्हा आहे. तिथे लांडगे उरलेले नाहीत, लाल हरणं भरमसाठ वाढतात, म्हणून ती मारतात आणि मांस खाल्लं जातं.

हरीण पडलं की घाई सुरू होते. अंगातली ३८-३९ अंशांची ऊब कातडीखाली कोंडून राहते. शिवाय हा रवंथ करणारा प्राणी. पोटात अर्धवट पचलेला चारा, जंतू, आणि लगेच धरू लागणारा वायू. म्हणून पोट जागेवरच रिकामं करतात. आधी मानेपाशी अन्ननलिका मोकळी करून तिला गाठ मारायची, नाहीतर चारा मांसावर सांडतो. मग पोटाला छोटी चीर. इथून पुढे सुरीची धार वर ठेवायची, खाली नाही. पात्याच्या दोन बाजूंना दोन बोटं, आणि त्या बोटांनी आतडी दाबून धरायची. आतडं किंवा मूत्राशय फुटलं तर मांस नासतं, आणि एक जीव फुकट गेला असं होतं. म्हणजे सगळं कसब काय कापायचं नाही, यात आहे.

मग काळीज (म्हणजे यकृत, कवी काहीही म्हणोत) नीट पाहून बाजूला ठेवतात. बकऱ्याच्या काळजाला लागून पित्ताची पिशवी असते, ती फुटली की कडू होतं. हरणाला ती नसतेच. ॲरिस्टॉटलनं हे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलं आहे, आणि ते बरोबर आहे. गुरूनं खाटकाचा दाखला दिला, शिष्यानं आत डोकावून पाहिलं.

धड थंड ठेवायचं, ७ अंशांच्या वर नाही. कातडी बहुधा नंतर सोलतात. त्यात सुरीचं काम थोडं. पायांपाशी चिरा दिल्या की कातडी आणि मांस यांच्यामधून मूठ सरकवत जायची.

आता सांधे. मागचा पाय खुब्याच्या वाटीतून निघतो, प्लेटोला हवा तसा. पुढचा पाय, आपण ज्याला फरा म्हणतो, त्याची गंमत वेगळी. हरणाला गळ्याचं हाड नसतं. फरा धडाला नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो. सुरी खाली सरकवली की तो अलगद सुटतो. हाडांचा सांधाच तिथे नाही, तरी विभागणी मात्र खरी आहे.

आणि आपला कोपऱ्यावरचा खाटीक? तो सत्तूर घालून हाडच तोडतो, कारण आपल्याला नळी हवी असते. मग तो वाईट खाटीक का? आम्हाला तसं वाटत नाही. त्याला सांधा पक्का ठाऊक असतो आणि तो गिऱ्हाइकासाठी मुद्दाम बाजूला घाव घालतो. ‘फीड्रस’मधल्या वाईट खाटकाला सांधा सापडतच नाही.