शेजारच्या घरातला दिवा

२००७ च्या उन्हाळ्यात आमच्या गावात घड्याळाकडे पाहायची फारशी गरज उरली नव्हती. लाईट गेली की गृहिणी कुकर उतरवत, लाईट आली की मोटारी सुरू करायला माणसे मळ्याकडे धावत. सांगली जिल्ह्यातले, कृष्णाकाठचे हे गाव. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण गावाच्या तोंडी ‘बोर्ड’च राहिले. दिवसातले दहा-बारा तास अंधाराचे, हे सगळ्यांनी मुकाट्याने पत्करले होते. पत्करणे आम्हाला तेवढे परवडणारे नव्हते, कारण आमच्याकडे अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर प्राथमिक शाळेत खडूची धूळ आणि घरात चुलीचा धूर, शिवाय जोडीला विडी. सत्तरीनंतर फुप्फुसांनी हिशेब मागितला. डॉक्टरांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घ्यायला सांगितला. २०२१ च्या उन्हाळ्यात या यंत्राचे नाव घराघरांत पोचले. त्या वेळी मात्र ते बघायला शेजारपाजारचे लोक येत. ‘हवेतनं हवा काढतंय म्हणं,’ असे काकू म्हणाल्या होत्या, आणि ते काही फारसे चूक नव्हते. यंत्र हवेतला नायट्रोजन अडवून ठेवते आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून नाकाशी देते. त्याला लागते साधारण साडेतीनशे वॅट वीज, तीही अखंड.

आधी इन्व्हर्टर घेतला. मी कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला भौतिकशास्त्र शिकवत होतो, तेव्हा हिशेब कागदावरच केला होता. बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे अठराशे वॅट-अवर. ती पूर्ण पिळून चालत नाही, इन्व्हर्टरही आपला वाटा खातो. यंत्राच्या वाट्याला तीन तास, फार तर साडेतीन. लाईट जाणार सहा-सहा तास, आणि आली तरी इतक्या कमी दाबाने की बॅटरी भरायचीच नाही. राहता राहिला डिझेलचा जनरेटर.

किर्लोस्करवाडी आमच्या भागात असल्यामुळे इंजिन म्हटले की इथल्या माणसाला परके वाटत नाही. विहिरीवर मोटार येण्याआधी इंजिनेच होती. एका मळेकऱ्याकडून पाच हॉर्सपॉवरचे, एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे जुने इंजिन मिळाले. अल्टरनेटर मात्र दुकानातून आणायचा होता. दुकानदार म्हणाला, ‘पाच हॉर्सपॉवरला पाच केव्हीए लावा, डोळे झाकून.’ डोळे झाकले नाहीत म्हणून बरे. पाच हॉर्सपॉवर म्हणजे पावणेचार किलोवॅटच्याही आतली ताकद. त्यातली काही अल्टरनेटरच्या आतच खर्च होते. हातात पडते फार तर तीन किलोवॅट. म्हणजे साडेतीन केव्हीएचा अल्टरनेटर पुरे. पाटीवर पाच लिहिल्याने इंजिनाला जोर येत नाही. आमचा खरा भार होता यंत्राचा, चार दिव्यांचा, दोन पंख्यांचा आणि फ्रीजचा. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, एवढी जागा शिल्लक ठेवली.

मागच्या रिकाम्या गोठ्यात दोन फूट खोल काँक्रीटचा चौथरा घातला, त्यात बोल्ट रोवले. चौथरा कच्चा असला की इंजिन जागेवर नाचते. धुराचे नळकांडे पत्र्याच्या वर, वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला नेले. ज्याच्या श्वासासाठी हा खटाटोप त्याच्याच खोलीत धूर गेला तर काय उपयोग! अर्थिंगसाठी खड्डा खणून पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरले. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतायचे काम आईने तुळशीच्या पाण्याबरोबर आपल्याकडे घेतले. मिनिटाला पंधराशे फेऱ्या झाल्या की चार ध्रुवांचा अल्टरनेटर बरोबर पन्नास सायकलची वीज देतो. तेवढा वेग गव्हर्नरवर जुळवला. आवाजाबद्दल न बोललेले बरे. त्या सुमारास नव्या संचांना कारखान्यातूनच आवाज दाबणारी पेटी लागू लागली होती. आमचे जुने इंजिन बिनपेटीचे. हँडल मारले की पहिल्या ठोक्याला अर्धी आळी जागी होई. पण कोणी तक्रार केली नाही. अण्णांनी त्यातल्या निम्म्यांना अक्षरे गिरवायला शिकवली होती.

एक वस्तू तेवढी राहिली. चेंजओव्हर स्विच.

घरातल्या तारांना एका वेळी एकाच बाजूची वीज मिळावी, बोर्डाची किंवा जनरेटरची, यासाठी हा स्विच असतो. त्याचे हँडल एका बाजूला केले की दुसरी बाजू सुटते. मधे दोन्ही बंद. दोन्हीकडे एकदम जोडणे हाताला शक्यच होत नाही. सांगलीहून आणायचा होता, दुकानात नव्हता, पुढच्या आठवड्यात येईल म्हणाले. तोवर काय करायचे? मी एक वायर तयार केली, दोन्ही टोकांना तीन-पिनी. एक टोक जनरेटरला, दुसरे घरातल्या पंधरा अँपिअरच्या प्लगमध्ये. लाईट गेली की आधी मेन स्विच पाडायचा, मग वायर लावायची. घरभर वीज. आमच्या दुकानदाराने अशा वायरीला ‘मांडूळ’ असे छान नाव दिले होते. दोन तोंडांचे म्हणतात ते. फरक एवढाच की मांडूळ चावत नाही. या वायरीचे एक टोक प्लगमधून निसटले तर त्याच्या उघड्या पिनांवर दोनशे तीस व्होल्ट असतात.

अकरा दिवस माझी चूक झाली नाही.

बाराव्या दिवशी संध्याकाळी पहिला मोठा पाऊस आला, वाऱ्यासकट. लाईट गेली. अण्णांना त्या दिवशी सकाळपासूनच धाप होती. यंत्राने वीज गेल्याची शिट्टी लावली, इन्व्हर्टर दुपारीच आडवा झालेला. मी भिजत गोठ्यात गेलो, हँडल मारले, इंजिन धरले, धावत येऊन वायर लावली. मेन स्विच वरच होता.

इथे वाचकांना वाटेल की लगेच काहीतरी जळायला हवे होते. मलाही तसेच वाटत असे. मेन सुरू ठेवून जनरेटर लावला तर सगळ्या गावाचा भार त्याच्यावर पडेल, आणि तो बिचारा धाप लागून बंद पडेल. बहुतेक वेळा होतेही तसेच, आणि म्हणूनच पुष्कळ जण निर्धास्त असतात. पण त्या संध्याकाळी वाऱ्याने आमच्या घराच्या अलीकडे दोन खांबांवर तार तुटली होती. तुटलेले टोक लिंबाच्या फांदीत अडकले होते. आमचे घर लाईनच्या शेवटाला. आमच्या बाजूला राहिली दोनच घरे, एक आमचे आणि एक काकूंचे. एवढा भार इंजिनाला जाणवलाही नाही. ते मजेत चालत राहिले, आणि तारेचे ते तुटके टोक जिवंत झाले.

आमच्या भागाच्या वायरमनला सगळे तात्या म्हणत. पाऊस थोडा उणावल्यावर तात्या सायकलवरून आले. डीपीवरचे फ्यूज त्यांनी स्वतः काढून पिशवीत टाकले होते. म्हणजे लाईन मेलेली. शिडी लावली, पक्कड कमरेला. तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडून घ्यायची साखळी पिशवीत होती. फ्यूज आपल्याच हाताने काढले आहेत, पाऊस पुन्हा येईलसे दिसतेय, म्हणून ती काढायचा त्यांनी कंटाळा केला. हे त्यांनीच नंतर मला सांगितले. तेवढ्यात काकू अंगणात आल्या आणि आनंदाने ओरडल्या, ‘तात्या, सोड की आता, आमच्यात आली बघ लाईट!’

तात्यांनी शिडीवरून वळून पाहिले. सगळा गाव काळाकुट्ट, आणि काकूंच्या सोप्यात चाळीसचा बल्ब. ते खाली उतरले. साखळी काढली, तिचे एक टोक जमिनीत रोवलेल्या सळईला बांधले आणि दुसरे तारांवर फेकले.

इकडे घरात एकदम दिवे गेले. बेल्ट किंचाळला आणि मग भार सुटल्यासारखे इंजिन मोकळे पळू लागले. यंत्राची शिट्टी पुन्हा सुरू. मी अल्टरनेटर जळाला समजून बॅटरी घेऊन गोठ्यात वास घेत उभा. घरात आई अण्णांची पाठ चोळत होती. त्या पाच-सात मिनिटांत अण्णांच्या ओठांचा रंग मी पाहिला नाही. आईने पाहिला, आणि पुढे कधी तिने तो विषय काढला नाही.

दारात तात्या उभे राहिले. हातात साखळी, अंगावरून पाणी गळतेय.

‘सर, इंजिन तुमचंच न्हवं?’

मी काही बोलण्याआधी त्यांना आतली खाट दिसली, नाकात नळी लावलेले अण्णा दिसले. अण्णा त्यांचेही गुरुजी. तात्यांनी पुढे विचारले ते एवढेच, ‘मेन कुठं हाय?’ स्वतः जाऊन मेन पाडला, फ्यूज काढून खिशात घातला आणि म्हणाले, ‘आता लावा.’ इंजिन पुन्हा भारावर घेतले. अल्टरनेटर जळालेला नव्हता. अण्णांचा श्वास लागीला लागेपर्यंत तात्या उंबऱ्याजवळ उकिडवे बसून राहिले. मग पावसात जाऊन त्यांनी तार जोडली.

ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. अकरा हजारांचे अडीचशे करतो तोच, उलट बाजूने अडीचशे दिले तर पलीकडे अकरा हजार उभे करतो. त्या दिवशी डीपीचे फ्यूज काढलेले होते म्हणून तो प्रश्न आला नाही एवढेच. दुसऱ्या दिवशी कॉलेजला रजा टाकून मी मिरज, सांगली, दोन्ही पालथी घातली आणि दोन पोलचा चेंजओव्हर घेऊनच परतलो. दोन पोलचा अशासाठी की फेजबरोबर न्यूट्रलही तुटली पाहिजे. बसवायला तात्याच आले. ते मांडूळ त्यांनी पक्कडीने मधोमध तोडले आणि दोन्ही तुकडे बरोबर घेऊन गेले.

खर्चाचे विचाराल तर अर्ध्या भारावर इंजिन तासाला अर्धा ते पाऊण लिटर डिझेल पीत असे. तेव्हाच्या भावाने एक युनिट दहा रुपयांच्या पुढे गेले, बोर्डाच्या कित्येक पट. तरी इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या विचारायचाच, ‘काका, आपली वीज बोर्डाला देऊन मीटर उलटा फिरवता येणार नाही?’ माझा मावसभाऊ साखर कारखान्याच्या पॉवरहाऊसमध्ये होता. चिपाडावर वीज करून ती ग्रिडला विकणारे कारखाने आपल्याकडे आहेत. त्याने पुतण्याला समजावले की आपला व्होल्टेज, आपले सायकल आणि लाटेची वेळ, तिन्ही ग्रिडशी जुळल्याशिवाय स्विच मारायचा नसतो. जुन्या पद्धतीत दोन्हींच्या मधे दिवे लावत. दिवे हळूहळू पेटत-विझत राहतात, आणि पूर्ण विझले की तोच जुळण्याचा क्षण. चुकीच्या क्षणी जोडले तर ग्रिड आपल्या रोटरला हिसका देऊन आपल्या लयीत ओढतो. त्या हिसक्यात शाफ्ट तुटू शकतो. माझ्या मांडुळावर मेन सुरू असताना बोर्डाची लाईट परत आली असती, तर हेच झाले असते.

अण्णा २००९ मध्ये गेले, झोपेत. त्या रात्री लाईट होती.

२०१९ च्या मार्चमध्ये गच्चीवर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल घेतले. आता खरोखरच मीटर उलटसुलट मोजतो. पहिल्याच आठवड्यात भर दुपारी बोर्डाची लाईट गेली आणि सौरही बंद. आईने विचारले, ‘ऊन तर रखरखतंय, मग?’ ग्रिड गेले की एक-दोन सेकंदांत स्वतःला तोडून घ्यायचे, हे सौर इन्व्हर्टरच्या अंगातच घातलेले असते. खांबावर कोणी तात्या असतील, म्हणून. बसवणारे पोरगे सौरची जोडणी घराच्या बाजूला करत होते. मी ती चेंजओव्हरच्या अलीकडे, बोर्डाच्या बाजूला करून घेतली. घराच्या बाजूला राहिली असती तर जनरेटर लावल्यावर इन्व्हर्टर त्यालाच ग्रिड समजला असता, आणि घरात भार कमी असताना जादा वीज इंजिनातच रेटली असती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला. आमची आळी उंचावर, पाणी चार घरे अलीकडे थांबले. पण वीज कित्येक दिवस नव्हती. इंजिनाला पुन्हा हँडल मारले. सोप्यात मोबाइल चार्ज करायला रांग लागली. निवृत्त झालेले तात्याही आले. काकू आता ऐंशीच्या पुढे, एकट्या. त्या दारातून म्हणाल्या, ‘त्या टायमाला आलती तशी आमच्यात येऊ द्या की जरा लाईट.’

तात्या हसले नाहीत. त्यांनी काकूंच्या घरी जाऊन त्यांचा मेन पाडला, फ्यूज काढला. मग माझ्याकडून एक लांब वायर मागितली, तिच्या टोकाला लाकडी बोर्डावर एक होल्डर आणि एक चार्जिंगचा प्लग बसवला, आणि काकूंच्या भिंतीतल्या कुठल्याही तारेला हात न लावता तो सोप्यातल्या खुंटीला टांगला.