नेट एक, वापरणारे चौघं!

मैत्रिणींनो, आमगावातल्या आमच्या घरी संध्याकाळ झाली की भांडण ठरलेलं. लेकीला परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो, ह्यांना राइस मिलचा हिशोब पाठवायचा असतो, आणि नेटची वायर मात्र एकाच कॉम्प्युटरला! एकदा तर फॉर्मची शेवटची तारीख हुकता हुकता राहिली. हे म्हणाले, "दुसरं कनेक्शन घेऊ." म्हणजे महिन्याला आणखी एक बिल! मी म्हटलं, थांबा जरा.

उपाय निघाला राउटरचा. नळ एकच असला तरी पाइप टाकून आपण स्वयंपाकघरात अन् न्हाणीत पाणी नेतोच ना? तसंच हे. बाहेरून आलेली वायर 'वॅन'च्या खाचेत लावायची, 'लॅन'च्या खाचांतून कॉम्प्युटर जोडायचे. ही वायर 100 मीटरपर्यंत चालते. लॅपटॉप, मोबाइल वायफायवर. फायबरचं कनेक्शन असेल तर कंपनीच्या डब्यातच बहुधा राउटर असतो. आधी तो बघा, मगच पैसे खर्च करा.

डबा घराच्या मध्यावर, उंच ठेवा; लोखंडी कपाटामागे नको. आलेला पासवर्ड लगेच बदला. आणि लक्षात ठेवा, नेटचा वेग सगळ्यांत वाटला जातो. म्हणून फॉर्म भरताना सिनेमा बंद!

आता भांडण मिटलंय. रात्री आठ ते नऊ मीही नेटवर असते. बिल एकच, पण त्यात माझाही वाटा आहे!