खात, वेध आणि सममिती : वेड्यावाकड्या तलावाचे घनफळ

पोहण्याचा तलाव आयताकृती व सपाट तळाचा असेल, तर त्यातील पाण्याचे मापन हे शालेय अंकगणिताचे काम होय. लांबी, रुंदी व खोली यांचा गुणाकार केला की घनफळ हाती येते. तथापि तलावाच्या कडा वक्र असल्या, आणि एका टोकाला कमरेएवढे तर दुसऱ्या टोकाला पुरुषभर पाणी असले, म्हणजे 'रुंदी किती?' व 'खोली किती?' या प्रश्नांना एकच उत्तर उरत नाही. अशा वेळी सरासरी घ्यावी, हे कोणासही सुचते. परंतु सरासरी कशाची घ्यावयाची, मापांची की क्षेत्रफळांची, या प्रश्नावर उत्तराचा खरेखोटेपणा अवलंबून असतो. हा भेद संस्कृत गणितग्रंथांतील 'खातव्यवहार' या प्रकरणात स्पष्टपणे मांडलेला आहे; मात्र तेथील परिभाषा आजच्या मराठी अर्थाने वाचली, तर तो हातचा निसटतो.

१. सममिती

खात म्हणजे खणलेला खड्डा, विहीर वा तळे. वेध म्हणजे त्याची खोली. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) असा नियम आहे की, बाजू वाकड्या असल्यास रुंदी अनेक ठिकाणी मोजावी, मापांच्या बेरजेस ठिकाणांच्या संख्येने भागावे, आणि लांबी व वेध यांविषयीही तसेच करावे. येणाऱ्या मापास त्यांनी 'सममिती' म्हटले आहे. आजच्या मराठीत सममिती म्हणजे दोन्ही अंगांचा सारखेपणा. तो अर्थ येथे लावल्यास नियम सुडौल खातापुरता आहे असे वाटेल. वस्तुतः तो बेडौल खातासाठीच सांगितलेला आहे. येथे 'सम' म्हणजे सर्वत्र सारखे मानलेले व 'मिती' म्हणजे माप. या अर्थाने आज रूढ असलेला 'सरासरी' हा शब्द फारसीतून आलेला आहे.

भास्कराचार्यांच्या उदाहरणात लांबी तीन ठिकाणी १०, ११ व १२ हात, रुंदी ६, ५ व ७ हात, आणि वेध २, ४ व ३ हात आहे. सममिती अनुक्रमे ११, ६ व ३ येतात आणि घनफळ १९८ घनहस्त होते. 'बुद्धिविलासिनी' या टीकेत (इ. स. १५४५) कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी पुस्ती जोडली आहे, ती अशी की, मोजण्याची ठिकाणे जसजशी वाढवावीत तसतशी सममिती अधिक सूक्ष्म होते.

२. सममितीची मर्यादा

या नियमात कोणता वेध कोणत्या रुंदीखालचा, हा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु पाण्याच्या दृष्टीने तोच प्रश्न महत्त्वाचा आहे. २० मीटर लांबीचा एक तलाव घ्यावा. त्याची रुंदी एका टोकास ४, मध्ये ६ व दुसऱ्या टोकास ८ मीटर असून ती सरळ रेषेत वाढत जाते. खोलीही त्याच क्रमाने १, २ व ३ मीटर आहे. सममितीने ६ × २ × २० = २४० घनमीटर येतात. आता तळाचा उतार उलटा करून रुंद टोक उथळ व अरुंद टोक खोल केले, तरी उत्तर २४० घनमीटरच येते. वास्तविक पहिल्या तलावात बहुतेक पाणी रुंद भागाखाली आहे व दुसऱ्यात अरुंद भागाखाली. दोहोंत सारखे पाणी मावणे शक्य नाही. सरासऱ्यांचा गुणाकार व गुणाकारांची सरासरी या भिन्न वस्तू आहेत.

३. व्यावहारिक, औत्र व सूक्ष्म

या भेदाची जाणीव ब्रह्मगुप्ताच्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त (इ. स. ६२८) दिसते. मुख व तळ यांच्या बाजूंची सरासरी घेऊन काढलेल्या घनफळास तो 'व्यावहारिक' म्हणतो, आणि दोहोंच्या क्षेत्रफळांची सरासरी घेऊन काढलेल्यास 'औत्र'. औत्रातून व्यावहारिक वजा करून बाकीचा तिसरा हिस्सा व्यावहारिकात मिळविला, म्हणजे 'सूक्ष्म' फळ मिळते.

'लीलावती'त हाच नियम एका वाक्यात येतो: मुखाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि 'तद्युतिज' क्षेत्रफळ यांच्या बेरजेस सहाने भागून वेधाने गुणावे. येथे समासाचा विग्रह निर्णायक ठरतो. 'तद्युतिज' म्हणजे दोन क्षेत्रफळांची बेरीज नव्हे. मुख व तळ यांच्या बाजूंची बेरीज करून त्यांपासून झालेले क्षेत्रफळ होय. उदाहरणातील विहिरीचे मुख १२ × १० हात, तळ ६ × ५ हात व वेध ७ हात आहे. क्षेत्रफळे १२०, ३० आणि १८ × १५ = २७० होतात. त्यांच्या ४२० या बेरजेचा सहावा हिस्सा ७०. घनफळ ४९० घनहस्त. चुकीच्या विग्रहाने २७० ऐवजी १५० धरल्यास ३५० येतील, म्हणजे विहिरीतील दोन सप्तमांश पाणी व्याकरणातच आटेल. ब्रह्मगुप्ताच्या रीतीने व्यावहारिक ४७२·५ व औत्र ५२५. फरकाचा तिसरा हिस्सा १७·५. सूक्ष्म फळ पुन्हा ४९०.

२७० ही संख्या मध्यावरील छेदाच्या (९ × ७·५) बरोबर चौपट आहे. म्हणजे नियमाचे स्वरूप असे: एका टोकाचा छेद, मधल्या छेदाची चौपट व दुसऱ्या टोकाचा छेद यांची बेरीज भागिले सहा. थॉमस सिम्पसन (१७१०–१७६१) यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हाच होय.

४. तलावावर उपयोजन

हाच नियम आडवा करून वरील तलावास लावावा. पहिल्या तलावाचे उभे छेद ४, १२ व २४ चौरस मीटर आहेत; (४ + ४८ + २४) ÷ ६ × २० = २५३·३ घनमीटर. दुसऱ्याचे छेद १२, १२ व ८. घनफळ २२६·७ घनमीटर. सममितीला एकच वाटणाऱ्या तलावांत सुमारे २६,७०० लिटरांचा फरक आहे. क्लोरीनचे प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅमने वाढवावयाचे असल्यास पहिल्यास सुमारे ५०७ ग्रॅम क्लोरीन लागेल व दुसऱ्यास ४५३ ग्रॅम. सममिती दोन्हीकडे ४८० ग्रॅम सांगेल.

कडा वक्र असल्यास तीन छेद पुरत नाहीत. लांबीचे चार सारखे भाग करून पाच छेद घ्यावेत, त्यांस अनुक्रमे १, ४, २, ४ व १ यांनी गुणून बेरजेस १२ ने भागावे व लांबीने गुणावे. प्रत्येक छेदाची रुंदी व सरासरी खोली त्याच जागी मोजलेली असावी.

पडताळ्यासाठी मापपट्टीवाचूनही एक मार्ग आहे. मोजून २५ किलोग्रॅम मीठ पाण्यात सर्वत्र मिसळल्यावर लिटरमागे मिठाचे प्रमाण १०० मिलिग्रॅमने वाढले, तर पाणी २५० घनमीटर आहे. येथे आकाराचा प्रश्नच राहत नाही.

'व्यावहारिक' हा शब्द आज 'उपयुक्त' या अर्थाने प्रशंसेचा झाला आहे. ब्रह्मगुप्ताच्या लेखी ते स्थूल फळ होते, आणि ते सूक्ष्म कसे करावे हेही त्याने त्याच ठिकाणी सांगून ठेवले होते.